आंधळ्या घोड्याचें ठाण

जालना जिल्ह्यांतील असई हें गांव केळणा व जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्टींत वसलेलें आहे. तेथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं वेल्स्लीची लढाई झाली. त्या दिवशीं त्याच्या मांडीखालचा एक घोडा गोळी लागून पडला. दुसरा, डायोमेड नांवाचा अरबी घोडा, भाल्यानें जखमी झाला. घोड्याचें नांव इतिहासांत राहावें हा योग विरळा, आणि तोही स्वार मोठा म्हणून! पुढें १८२७ मध्यें जालन्यास छावणी वसली व १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची फौज तेथें होती. घोडा म्हणजे काय हें या मुलखास सांगावयास नको. परंतु श्रोतेहो, कामाचा घोडा आंधळा झाला म्हणजे त्याचें पुढें काय होतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

घोड्याच्या डोळ्याचा एक रोग वारंवार उलटतो. डोळा सुजतो, पाणझरतो, निवळतो आणि पुन्हां सुजतो. पूर्वीं लोक त्याचा संबंध चंद्राच्या कलांशीं जोडीत. आज पुष्कळशा घोड्यांत त्याचें मूळ लेप्टोस्पायरा या जंतूंत सांपडतें. दुसरें कारण आपल्याकडचें. गाईबैलांच्या पोटांत निमूटपणें राहणारी एक कृमि डांसाच्या दंशावाटे घोड्याच्या अंगांत शिरते व कधीं कधीं डोळ्यांत उतरते. पांढऱ्या दोऱ्यासारखी ती तेथें वळवळतांना उघड दिसते. पशुवैद्यानें ती वेळीं काढली तर दृष्टि वांचूं शकते. म्हणूनच पांजरपोळांत घोड्यांचें ठाण गाईंच्या गोठ्यापासून दूर असावें, आणि दिवेलागणीस डांसांचा बंदोबस्त असावा.

जेथें आंधळा घोडा पाळला जातो, तेथें मोतद्दाराचा दिवस हाकेनें उगवतो. मुकाट्यानें जवळ जाणें ही पहिली चूक. लांबूनच नांव घ्यावें, मग खांद्यावर हात ठेवावा, मग खरारा. आणि या सर्व वेळीं तोंडानें कांहींतरी बोलणें चालूच ठेवावें. पाण्याची कुंडी व कडब्याची जागा तसूभरही हलवावयाची नाहीं. नव्या गड्यानें वाटेंत घमेलें विसरावें आणि घोड्यानें गुडघे फोडून घ्यावे, असें होतें. काटेरी तारेचें कुंपण नको. कुंपणाच्या आंतून वाळूचा पट्टा टाकला म्हणजे पायाखालची जमीन बदलतांच घोडा थबकावयास शिकतो. नाकपुड्यांभोंवतींचे लांब केस शोभेसाठीं कातरण्याची रीत आहे; आंधळ्या घोड्याचे ते कदापि कातरूं नयेत. कुंडीची कड तो त्यांनींच चांचपतो. सोबतीस गरीब स्वभावाची एखादी घोडी द्यावी व तिच्या गळ्यांत घुंगूर बांधावें. तो त्या नादामागें चरत फिरतो. पण नालबंदाकडे न्यावयाची तर दोघांनाहि न्यावें, एकटीला नेलें तर मागें राहिलेला खिंकाळून जीव टाकतो! पावसाळा सर्वांत वाईट. पत्र्यावर सरी कोसळूं लागल्या कीं पावलांचा आवाज बुडतो, घुंगूर बुडतें. अशा वेळीं मोतद्दारानें जवळ उभें राहावें, एवढेंच करतां येतें.

तथापि केवळ जगविणें म्हणजे दया नव्हे. कंटिंजंटच्या घोडदळांतून निघालेलें डेक्कन हॉर्स हें पथक १९१८ मध्यें पॅलेस्टाईनच्या मोहिमेंत होतें. ती मोहीम संपल्यावर इंग्रज सरकारनें हजारों लष्करी घोडे इजिप्तमध्यें विकून टाकले. डॉरथी ब्रुक ही इंग्रज बाई १९३० मध्यें कैरोस गेली, तेव्हां त्यांतले उरलेसुरले घोडे झिजून गेलेल्या स्थितींत गाड्या ओढीत होते. कित्येक आंधळे होते. तिनें सुमारें पांच हजार जनावरें विकत घेतलीं, आणि त्यांतील बहुतेकांस शांत मरण देणें तिला प्राप्त झालें. १९३४ मध्यें तिनें तेथें रुग्णालय काढलें.

मग कोणाला राखावें? न दिसणें घोडा पुष्कळदां सोसतो. दुखणें सोसत नाहीं. सतत ठणकणारा डोळा पशुवैद्य कधीं काढूनच टाकतो, आणि कालपर्यंत मान खालीं घालून उभा असलेला घोडा पुन्हां तोबऱ्यांत तोंड घालूं लागतो. जो महिनोन् महिने भिंतींवर आदळतच राहतो, त्याच्याविषयीं निर्णय निराळा करावा लागतो, आणि तो मोतद्दारास विचारल्यावांचून करूं नये.

रात्रींच्या शेवटच्या फेरींत कंदिलाचा त्या ठाणास उपयोग नसतो. मोतद्दार दारांतून नांव घेतो. अंधारांत कडबा चघळण्याचा आवाज क्षणभर थांबतो, आणि मग पुन्हां सुरू होतो.