कॉफीचा चोथा आणि जिवाणूंचे प्लॅस्टिक



चेन्नईतील पुष्कळ घरांत दिवसाचा आरंभ कॉफीच्या फिल्टरपाशी होतो. पितळेच्या किंवा स्टीलच्या या भांड्याच्या वरच्या भागात पूड भरून तिच्यावर कढत पाणी ओततात आणि थेंबाथेंबाने गळणारा अर्क खालच्या भागात साठू देतात. अर्काची कॉफी होते. वर उरतो तो ओला, काळपट चोथा. काही घरी तो झाडांच्या मुळाशी जातो, परंतु एरवी तो इतर कचऱ्यात मिसळतो. या शहराचा कचरा कित्येक दशके कोडुंगैयूर आणि पेरुंगुडी येथील मैदानांवर पडत आला. त्यांपैकी पेरुंगुडीचे मैदान पळ्ळिकरणैच्या पाणथळीला लागून आहे, आणि ही पाणथळ २०२२ साली रामसर यादीत समाविष्ट झाली.

अशा ढिगात कुजणारा चोथा आणि न कुजणारे प्लॅस्टिक शेजारी शेजारी पडलेले असतात. पहिल्यापासून दुसऱ्याला पर्याय घडविता येईल काय, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम चोथ्यात काय असते ते पाहू. पाण्यात विरघळणारी द्रव्ये अर्काबरोबर निघून जातात. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते बहुतांशी चोथ्यातच राहते. वाळविलेल्या चोथ्याच्या वजनात तेलाचा वाटा साधारणपणे १० ते १५ टक्के भरतो. बाकीच्या भागात मुख्यतः तंतुद्रव्ये आणि प्रथिने असतात. दक्षिणेत कॉफीमध्ये चिकोरीच्या मुळाची पूड मिसळण्याची रीत आहे. चिकोरीत तेल जवळजवळ नसते. तेव्हा मिश्रणात ती जितकी अधिक, तितके हाती येणारे तेल कमी.

आता जिवाणूंकडे वळू. प्राण्यांच्या शरीरात जसा मेद साठतो, तद्वत काही जिवाणूंच्या पेशीत एक बहुवारिक साठते. फ्रेंच शास्त्रज्ञ मोरीस लमॉन्य यांनी पाश्चर संस्थेत १९२६ च्या सुमारास ते ओळखले. त्याचे नाव पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट, संक्षेपाने पीएचबी. कार्बनयुक्त अन्न विपुल मिळाले, पण वाढीसाठी लागणारा नायट्रोजन अपुरा पडला, की जिवाणूचे विभाजन मंदावते आणि जास्तीचे अन्न तो पीएचबीच्या कणांच्या रूपाने साठवून ठेवतो. हे कण वेगळे काढले असता मिळणारा पदार्थ सुमारे १७५ अंश सेल्सिअसला वितळतो व त्याला साच्यात आकार देता येतो. मातीत व पाण्यात असे अनेक जिवाणू आहेत, की जे त्याचे विघटन करून त्यावर जगतात.

चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील तंत्रविद्यापीठात स्तानिस्लाव्ह ओब्रुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चोथ्यातील तेल क्युप्रिआव्हिडस नेकाटर या जिवाणूला अन्न म्हणून दिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, पेशींच्या कोरड्या वजनाचा सुमारे नऊ-दशांश भाग पीएचबीचा होता आणि १ ग्रॅम तेलापासून सुमारे ०.८ ग्रॅम पीएचबी मिळाले. या प्रमाणाने हिशेब केल्यास १ किलो वाळलेल्या चोथ्यापासून ८० ते १२० ग्रॅम प्लॅस्टिक हाती येईल. ओल्या चोथ्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते. म्हणजे एवढ्यासाठी २ किलोहून अधिक ओला चोथा गोळा करावा लागेल.

खरी अडचण येथेच आहे. जिवाणू आपले काम चोख करतो. माणसाचे काम त्याच्या आधी आणि नंतर असते. चेन्नईच्या दमट हवेत ओल्या चोथ्याला लवकर बुरशी धरते. तो वेळीच उचलावा लागतो, वाळवावा लागतो, त्यातील तेल द्रावकाने काढावे लागते आणि शेवटी पेशी फोडून कण वेगळे करावे लागतात. प्रत्येक पायरीला खर्च आहे. १९८० नंतरच्या दशकात आयसीआय या ब्रिटिश कंपनीने साखरेवर वाढविलेल्या जिवाणूंपासून 'बायोपोल' तयार केले, आणि १९९० साली जर्मनीत त्याच्या शांपूच्या बाटल्याही बाजारात आल्या. परंतु खनिज तेलापासून होणाऱ्या प्लॅस्टिकपेक्षा ते कितीतरी महाग पडले. शिवाय शुद्ध पीएचबी ठिसूळ असते. लवचीकपणा आणण्यासाठी त्याच्या रचनेत दुसरा घटक गुंफावा लागतो.

तमिळनाडूने १ जानेवारी २०१९ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली. बंदीमुळे पर्यायाची गरज वाढली, तशीच खोट्या पर्यायांचीही शक्यता वाढली. 'विघटनशील' हा शब्द छापणे सोपे असते. ते सिद्ध करण्यासाठी चाचणी लागते. चेन्नईच्या गिंडी भागात १९६८ साली स्थापन झालेल्या 'सिपेट' या केंद्रीय संस्थेत अशा चाचण्यांची सोय आहे.

मग आरंभ कोठून करावा? घरोघरच्या मूठभर चोथ्यापेक्षा उपाहारगृहांच्या आणि झटपट कॉफीच्या कारखान्यांच्या चोथ्यापासून तो करणे सुकर ठरेल. कारण तेथे तो एकाच ठिकाणी, इतर कचऱ्यात न मिसळता मिळतो. त्यापासून काय घडवावे, हाही विवेकाचा प्रश्न आहे. चेन्नईत कॉफी ज्या स्टीलच्या पेल्यातून पितात, तो धुऊन पुन्हा वापरला जातो; त्याची जागा कोणत्याही प्लॅस्टिकने घेऊ नये. मात्र कॉफीच्या मळ्यांत रोपे पॉलिथीनच्या पिशव्यांत वाढवितात, आणि लागवडीच्या वेळी त्या पिशव्या फाडून टाकाव्या लागतात. ती पिशवी चोथ्यापासून करता आली, तर कॉफीच्या झाडापासून निघालेले द्रव्य कॉफीच्याच झाडाखालच्या मातीत परत जाईल.