कागदावरील माउली



यात्रेहून परतताना आपले भाविक एखादे छापील चित्र विकत घेऊन घरी आणतात. कित्येक सुशिक्षित ते पाहून नाक मुरडतात. रंग भडक, कागद हलका, आणि देवाच्या दारी हा बाजार कशाला, असा त्यांचा आक्षेप असतो. त्याचे उत्तर आम्ही जर्मनीतील केवेलार क्षेत्राच्या इतिहासातून देऊ इच्छितो.

तीस वर्षांच्या युद्धाने तो मुलूख होरपळत होता. सन १६४१ च्या नाताळात हेन्ड्रिक बुसमान नावाच्या फेरीवाल्यास वाटेवरील क्रुसापाशी वाणी ऐकू आली, की येथे माझ्यासाठी लहानसे देऊळ बांध. तो गरीब, रोजच्या कमाईतून थोडेथोडे शिल्लक टाकू लागला. पुढे त्याची पत्नी मेखेल हिला एका रात्री तेजोवलयात एक देवळी व तीत पवित्र मातेचे चित्र दिसले. तसलेच चित्र पूर्वी दोन शिपायांनी तिला विकावयास दाखविले होते. परंतु भाव न परवडल्यामुळे तिने ते घेतले नव्हते. शोध करून ते मिळविण्यात आले, आणि १ जून १६४२ रोजी तेथील धर्मगुरूंनी ते देवळीत स्थापिले.

हे चित्र म्हणजे लक्झेंबर्गच्या 'दुःखितांचे सांत्वन करणाऱ्या माते'चा, तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर उठविलेला छाप. तळहातावर मावेल एवढाच! सन १६५४ मध्ये त्याच्याभोवती षट्कोनी मंदिर उभे राहिले, आणि आजही दरवर्षी लक्षावधी यात्रेकरू त्याच्यापुढे गुडघे टेकतात.

मग ही कागदाची पूजा होय काय? मुळीच नव्हे. चित्रास दिलेला मान मूळ व्यक्तीस पोहोचतो, हे निकेयाच्या धर्मपरिषदेने सन ७८७ मध्येच ठरविले. सन १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने त्याचा पुनरुच्चार केला. शिवाय चित्रांत स्वतःची दैवी शक्ती आहे असे मानू नये, आणि त्यांच्या आडून हीन द्रव्यलोभ साधू नये, असेही बजाविले. म्हणजे आक्षेपकांची शंका अगदीच निराधार नाही; परंतु तिचा रोख चित्रावर नसून चित्र विकणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या अंतःकरणावर असावयास हवा.

तेव्हा या महोत्सवाच्या वर्षी आम्ही एवढेच विनवितो. वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेतून आणलेले चित्र स्वस्त म्हणून तुच्छ लेखू नका, आणि ताईत समजून खिळ्यावर टांगून विसरूही नका. त्याच्यासमोर सायंकाळी सारे कुटुंब रोझरीस बसत असेल, तर त्या कागदाचे मोल पुरेपूर वसूल झाले. बसत नसेल, तर सोन्याची चौकटही व्यर्थ होय.