मूल बोलत नाही तेव्हा
(रुग्णालयाच्या पालक व देणगीदार मेळाव्यात प्रशासन विभागातर्फे केलेले भाषण)



आम्ही वैद्यक व्यवसायातील नव्हे, हे प्रारंभीच सांगतो. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि नोकरी जमाखर्चाच्या वह्यांत गेली. तथापि रुग्णालयाची नोंदणी खिडकी ही अशी जागा आहे की, पालकांची चिंता तज्ज्ञांच्या कानी पडण्यापूर्वी तेथेच प्रथम उच्चारली जाते. “तपासणी कशासाठी?” असे विचारले की अनेक माता क्षणभर थांबतात आणि हलक्या आवाजात सांगतात, “दोन वर्षांचा झाला, अजून बोलत नाही. हाक मारली तरी वळून बघत नाही.” या चिंतेविषयी आज आपल्याशी बोलावयाचे आहे.

ही चिंता खिडकीपर्यंत येण्यास बहुधा अनेक महिने लागलेले असतात. घरातील वडीलधारी मंडळी मायेपोटी धीर देतात. मुलगे उशिराच बोलतात, याचे वडीलही तीन वर्षांपर्यंत बोलत नव्हते, असे सांगितले जाते. कोणी वेखंड उगाळून जिभेला लावावयास सांगते, कोणी नवस बोलते. या मायेविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. काही मुले उशिरा बोलू लागतात आणि पुढे इतरांच्या बरोबरीने वाढतात, हेही खरे. परंतु असे मूल कोणते आणि साहाय्याची गरज असलेले कोणते, हे घरबसल्या ठरविता येत नाही. त्यासाठी तपासणीच करावी लागते.

कोणत्या खुणा पाहाव्यात? एक वर्षाचे मूल सामान्यतः आपले नाव ऐकून वळते, बडबड करते, ‘टाटा’ करते. दीड वर्षापर्यंत ते हवी असलेली किंवा आवडलेली वस्तू बोटाने दाखविते आणि काही सुटे शब्द बोलते. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलते. आपल्या घरी आजी चिऊ-काऊचा घास भरविताना खिडकीतील चिमणीकडे बोट दाखविते; मूल चिमणीकडे पाहते आणि मग आजीच्या तोंडाकडे पाहून हसते. एकच गोष्ट दोघांनी मिळून पाहण्याच्या या आनंदाला तज्ज्ञ फार महत्त्व देतात. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असलेल्या बालकांत हा दुवा बहुधा क्षीण असतो. आणि आधी येत असलेले शब्द किंवा हसणे-खेळणे मूल गमावू लागले, तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांकडे यावे.

मात्र प्रत्येक विलंब म्हणजे स्वमग्नता नव्हे. न बोलणाऱ्या मुलाला नीट ऐकू येत नसेल, अशीही शक्यता असते. म्हणून श्रवणाची तपासणी अगोदर केली जाते. घरात मराठी आणि बालवाडीत इंग्रजी, अशा दोन भाषांमुळे स्वमग्नता होत नाही. मातृभाषा सोडून देण्याचे कारण नाही. मोबाइलविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की, दोन वर्षांखालील बालकांना पडदा दाखवूच नये. पडद्यापुढे गेलेला तास हा मुलाशी बोलण्याच्या वेळेतून वजा होतो, इतका हिशेब तर आम्हांसही कळतो.

आता मातांसाठी दोन शब्द. “माझेच काही चुकले का?” हा प्रश्न आमच्या कर्मचाऱ्यांनी वारंवार ऐकला आहे. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत या अवस्थेचे वर्णन केले. त्यानंतरची दोन दशके आणि पुढेही काही काळ, आईच्या मायेतील थंडपणामुळे मूल असे होते, हे मत तेथे प्रचलित होते. स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये आपल्या ग्रंथात ते खोडून काढले. तसेच गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा १९९८ मधील लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. म्हणून मातेने स्वतःस दोष देऊ नये, इतरांनी तर मुळीच देऊ नये, आणि बालकाची लस चुकवू नये.

स्वमग्नता हा औषधाने बरा होणारा आजार नाही. ‘पूर्ण बरे करतो’ असे आश्वासन देऊन पैसे मागणाऱ्यांपासून पालकांनी सावध राहावे. तथापि साहाय्य निश्चित मिळते. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे पालकांच्या सहभागाने झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी आई-वडिलांना मुलाच्या कलाने कसे खेळावे व बोलावे हे शिकविले. त्यानंतर मुले स्वतःहून अधिक संवाद साधू लागल्याचे आढळले. म्हणजे उपचाराचा मोठा भाग घरातच, जेवताना, आंघोळीच्या वेळी, अंगणात घडू शकतो. निदानाचा कागद हाती येईपर्यंत हे काम थांबविण्याची गरज नाही.

शासनाचे साहाय्यही उपलब्ध आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत ती वर्षातून दोनदा व्हावयाची असते, आणि विकासातील विलंब हा तिचा एक भाग आहे. पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. ‘निरामय’ योजनेत अशा व्यक्तींना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याचे संरक्षण मिळू शकते. अर्ज भरण्यास आमचा समाजसेवा विभाग पालकांना साहाय्य करतो. तेथे संकोच न करता यावे.

शेवटी देणगीदारांस एक नम्र विनंती. रुग्णालयास यंत्र दिले की त्यावर नाव कोरता येते. वॉर्डाच्या दारावर फलक लावता येतो. परंतु बालविकासाच्या कामास मोठी यंत्रे लागत नाहीत. लागतात ती माणसे. वाचा-उपचारतज्ज्ञ एका मुलासमोर जमिनीवर बसून पाऊण तास चेंडू पुढे-मागे ढकलतात. त्या पाऊण तासाचे पूर्ण शुल्क गरीब पालकांकडून घेता येत नाही आणि तज्ज्ञांचे वेतन तर दरमहा द्यावेच लागते. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या कुटुंबाचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी हाही उपचाराचाच खर्च आहे. त्यापायी पालक मध्येच येणे थांबवितात आणि आधी केलेले श्रम वाया जातात. फलक लागणार नाही अशी ही देणगी आहे, आणि आम्ही तीच मागत आहोत. विश्वस्त मंडळाने या कामासाठी स्वतंत्र आवर्ती निधी राखावा, अशीही आमची विनंती आहे. वाणिज्य शाखेत आम्ही एक साधी गोष्ट शिकलो: जो खर्च पुढे ढकलल्याने वाढतो, तो टाळणे ही बचत नव्हे. बालकाच्या आरंभीच्या वर्षांना ही गोष्ट सर्वाधिक लागू पडते.

पालकांनो, आपल्या मनात शंका असेल तर ती शंका हेच येण्यास पुरेसे कारण आहे. चिठ्ठी नसली तरी चालेल. तपासणीअंती काळजीचे कारण नाही असे कळले, तर आपण निश्चिंत होऊन घरी जाल. कारण निघाले, तर पुढील वाटेवर आम्ही आपल्या सोबत असू.