सांध्यांची निगा आणि आमचा हिशेब
(वार्षिक सभेतील व्यवस्थापकीय निवेदन)



आम्ही व्यवस्थापनातील मंडळी मूळची जमाखर्चाची. मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाचे निश्चल हातपाय फिजिओथेरपिस्ट रोज हलवितात. या खर्चातून साधते काय, असे देणगीदारांनी विचारणे रास्तच आहे. आप्तजनांचा प्रश्न निराळा असतो : "साहेब, याने तो चालू लागेल ना?"

सत्य सांगणे हे आमचे कर्तव्य होय. या व्यायामाने इजा झालेला मज्जारज्जू बरा होत नाही. पाय अचानक झटका देऊन हलला, तरी ती बहुधा स्नायूंची प्रतिक्षिप्त क्रिया असते. त्या आशेवर कोणी शेत विकू नये.

व्यायामाचा हेतू सांधे आखडू नयेत हा आहे. खुबा वा गुडघा आखडला, की चाकाच्या खुर्चीत नीट बसता येत नाही, कपडे घालणे कठीण होते आणि शय्याव्रणांचा धोका वाढतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात २० रुग्णांचा एकेक घोटा सहा महिने, आठवड्यातून १० वेळा, प्रत्येकी १० मिनिटे हलविण्यात आला. लाभ झाला सरासरी ४ अंशांचा. तो अल्प आहे. आम्ही तो फुगवून सांगणार नाही. म्हणूनच अंथरुणात नियमित कूस बदलणे, खुर्चीत बसविणे आणि त्वचा रोज तपासणे यांनाही तितकेच महत्त्व आहे.

हालचाल सावकाश करावी, जोर लावू नये. अशा रुग्णांची हाडे ठिसूळ झालेली असतात. सूज वा ऊब जाणवल्यास थांबून डॉक्टरांना दाखवावे. ज्याला मनगट उचलता येते, पण बोटे हलविता येत नाहीत, त्याची बोटे मनगटासह पूर्ण ताणू नयेत. किंचित आखडलेल्या बोटांनीच त्याला पेला धरता येतो.

सांगली जिल्ह्याचे श्री. मुरलीकांत पेटकर यांनी १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालील शक्ती गमावली. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी जलतरणात सुवर्णपदक मिळविले. पाय न उठताही आयुष्य उभे राहते.

अक्कलकोट, मंगळवेढा वा सांगोल्याहून रोज सोलापूरला येणे गरीब कुटुंबास परवडत नाही. यास्तव रुग्ण घरी जाण्यापूर्वी त्याची आई, पत्नी वा भाऊ यांना येथे ठेवून हे सारे शिकविणे अगत्याचे आहे. त्यांच्या निवास-भोजनाचा भार आपण उचलावा, ही नम्र विनंती. आपल्या दानाचे चीज त्या शिकलेल्या हातांतूनच होईल.