घरी परतल्यानंतरची साथ
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. जमाखर्चाची वही वाचणे एवढेच मला येते. कर्करोगाच्या रुग्णाचे अखेरचे देयक चुकते झाले, की आमच्या वहीतील त्याचे पान मिटते. त्याच्या आयुष्याचे अवघड पान मात्र तेथेच उघडते.

स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या एक भगिनी मध्यंतरी तपासणीसाठी आल्या होत्या. "आम्ही यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही," असे सूनबाईंनी मोठ्या मायेने सांगितले. डॉक्टरांनी जिना चढावयास सांगितला, तेव्हा त्या भगिनी निम्म्यावरच थांबल्या.

थकव्यावर विश्रांती हाच उपाय, अशी आपली समजूत असते. परंतु उपचारांनंतर रेंगाळणारा थकवा बेताच्या, नियमित व्यायामाने कमी होतो, हे आता सिद्ध झाले आहे. जून २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रामुख्याने कॅनडा व ऑस्ट्रेलियातील ८८९ रुग्णांचे, शस्त्रक्रिया व केमोथेरपीनंतर, दोन गट करण्यात आले. आरोग्यविषयक पुस्तिका दोन्ही गटांना मिळाली. एका गटास त्याखेरीज तीन वर्षे व्यायामाच्या मार्गदर्शकाची साथ लाभली. आठ वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण केवळ पुस्तिका मिळालेल्या गटात शेकडा सुमारे ८३, तर साथ लाभलेल्या गटात सुमारे ९० होते. या दुसऱ्या गटात स्नायू व सांध्यांच्या तक्रारी काहीशा अधिक झाल्या; म्हणूनच जाणकाराची देखरेख हवी.

आपणही रुग्णाला घरी पाठविताना माहितीपत्रक देतो. साथ देत नाही. आपले पुष्कळ रुग्ण दूरच्या खेड्यांतून येतात. व्यायामासाठी दर आठवड्यास एस.टी.चे भाडे खर्चून, रोजगार बुडवून येथे या, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? मोबाईल मात्र आता बहुतेक घरांत पोहोचला आहे. ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्टने पडद्यावर भेटावे, आठवड्याभराच्या चालण्याची नोंद पाहावी, पुढचे उद्दिष्ट ठरवावे आणि कोणी दोन आठवडे दिसले नाही, तर आपण होऊन दूरध्वनी करावा, अशी ऑनलाईन योजना मी आपणांपुढे ठेवीत आहे.

मर्यादाही सांगणे माझे कर्तव्य आहे. अशा कार्यक्रमांनी रुग्णांची हालचाल वाढते. परंतु कार्यक्रम संपला, की तो उत्साह बहुधा ओसरतो. नुसत्या चित्रफिती पाठवून काम भागत नाही. म्हणून मी यंत्रासाठी नव्हे, तर एका फिजिओथेरपिस्टच्या तीन वर्षांच्या वेतनासाठी आपल्याकडे देणगी मागत आहे. या देणगीची कोनशिला बसविता येणार नाही, याची मला जाणीव आहे.

आप्तजनांना माझी विनंती निराळी आहे. प्रथम डॉक्टरांना विचारा. हाडांत रोग पसरलेला असेल किंवा रक्तातील पेशी कमी झाल्या असतील, तर त्यांच्या अनुमतीविना व्यायाम सुरू करू नका. अनुमती मिळाली, की रुग्णाला उठू द्या, अंगणात फिरू द्या, आणि पाण्याचा तांब्या त्याचा त्याला उचलू द्या. आपण केवळ बरोबर चाला.

आमच्या वहीतील मिटलेले पान पुन्हा उघडण्याची अनुमती विश्वस्त मंडळाने द्यावी, अशी प्रार्थना करून मी आपले भाषण संपवितो.