आरोप, अपराध आणि न्याय
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एक व्याख्यान)



एखाद्याच्या घरी पोलीस आले ही वार्ता पेठेत पसरायला घटकाही लागत नाही. ज्याच्यावर केवळ गुन्हा नोंदवला गेला आहे, तो मनुष्य रात्रीपर्यंत लोकांच्या बोलण्यात गुन्हेगार ठरलेला असतो. ‘आगीशिवाय धूर निघतो का?’ एवढ्या एका प्रश्नावर निकाल लागतो. मग व्यापारातील पत जाते, ठरलेली सोयरीक मोडते, मुलांना शाळेत मान खाली घालावी लागते. काही वर्षांनी न्यायालय त्या माणसाला निर्दोष म्हणते, तेव्हा ते ऐकायला कोणी थांबलेले नसते.

फौजदारी कायदा मात्र इतक्या घाईने बोलत नाही. एखाद्याला अपराधी म्हणण्यापूर्वी तो चार प्रश्न विचारतो. कृत्य याच माणसाने केले काय? ते करताना त्याचे मन कसे होते? त्या कृत्याला कायद्याला मान्य असलेले काही कारण होते काय? आणि हे सारे न्याय्य मार्गाने सिद्ध झाले काय? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत थांबणे हा न्यायाचा पाया आहे. ते थांबणे न्यायालयाइतकेच समाजालाही शोभते, हेच या व्याख्यानाचे सार.

कृत्य आणि मन

१८६० साली तयार झालेली भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली आणि दीडशेहून अधिक वर्षे देशावर तिचा अंमल राहिला. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहिता, २०२३ हिने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, काही गुन्हे नव्याने आले. परंतु मूळ तत्त्व तेच राहिले. ते असे की, केवळ कृत्याने अपराध होत नाही. कृत्याला दोषी मनाची जोड लागते.

मंदिराबाहेर एकसारख्या चपलांचे दोन जोड आहेत. दर्शन घेऊन बाहेर आलेला गृहस्थ दुसऱ्याचा जोड आपलाच समजून पायात घालतो आणि घरी जातो. वस्तू दुसऱ्याची, ती नेली हेही खरे. तरीही ही चोरी नव्हे, कारण अप्रामाणिक हेतू नाही. तोच जोड दुसऱ्याचा आहे हे ओळखून उचलला, तर मात्र चोरी झाली. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही कृत्ये सारखीच दिसतात. फरक असतो तो फक्त मनात.

हा विचार जैन श्रोत्यांना परका वाटणार नाही. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना केवळ प्राणहानीकडे पाहिलेले नाही. ती प्रमादयुक्त वृत्तीतून घडली काय, हे पाहिले आहे. धर्माचा निवाडा आणि न्यायालयाचा निवाडा यांची क्षेत्रे वेगळी आहेत. तरीही कर्त्याचे मन तपासल्याशिवाय कर्माचे मोल ठरत नाही, या बिंदूवर दोन्ही वाटा एकत्र येतात.

सार्वजनिक न्यासाच्या कामातही हे तत्त्व उपयोगी पडते. सोपवलेला पैसा विश्वस्ताने अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरला, तर तो फौजदारीपात्र न्यासभंग होतो. परंतु हिशेबात चूक झाली, पावती गहाळ झाली किंवा एखादा निर्णय फसला, एवढ्याने विश्वस्त गुन्हेगार ठरत नाही. त्याला जाब विचारता येतो, हिशेब दुरुस्त करायला लावता येतो, धर्मादाय आयुक्तांकडे तक्रारही करता येते. अप्रामाणिक हेतूचा आरोप ही मात्र स्वतंत्र आणि गंभीर गोष्ट आहे, आणि तिला पुरावा लागतो.

जेथे मनाला मर्यादा पडतात

या नियमालाही सीमा आहेत. व्यापारी वर्गाने त्या विशेष लक्षपूर्वक समजून घ्याव्यात.

नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिकहून मनिलाला निघालेला एक जर्मन प्रवासी विमान थांबले असता मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर पकडला गेला. त्याच्या अंगावरील जाकिटात ३४ किलो सोने होते. अशा सोन्याची नोंद विमानाच्या मालपत्रकात करण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश अवघ्या काही दिवसांपूर्वी राजपत्रात आला होता आणि तो आपल्याला ठाऊक नव्हता, असे त्याचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमताने त्याला दोषी ठरवले. देशाच्या अर्थव्यवस्थेच्या रक्षणासाठी केलेल्या अशा कायद्यात दोषी मनाची अट वाचता येणार नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदवले.

लगोलग १९६५ मध्ये मध्य प्रदेशातील धार येथील धान्यव्यापारी नथुलाल यांचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. परवान्याविना गव्हाचा साठा केल्याचा आरोप होता. त्यांनी परवान्यासाठी रीतसर अर्ज केला होता, शुल्क भरले होते, आणि परवाना मिळेलच अशा प्रामाणिक समजुतीने व्यवहार चालू ठेवला होता. न्यायमूर्ती सुब्बा राव या वेळीही खंडपीठावर होते. न्यायालयाने दोषी मन नाही म्हणून नथुलाल यांना निर्दोष ठरवले. पुढे १९६७ साली संसदेने जीवनावश्यक वस्तू कायद्यात बदल करून जाणूनबुजून केलेले आणि नकळत झालेले उल्लंघन एकाच पंक्तीत बसवले. १९७४ साली ती तरतूद सौम्य झाली. दोषी मन गृहीत धरले जाईल, पण ते नव्हते हे आरोपीला सिद्ध करता येईल, अशी व्यवस्था आली.

धनादेश न वटण्याचा गुन्हाही याच जातीचा आहे. ‘खात्यात रक्कम असेल असे वाटले होते’ हा बचाव तेथे चालत नाही. मात्र नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम चुकती केली, तर गुन्हा घडत नाही. अशा नोटिशीकडे दुर्लक्ष करणे म्हणजे कायद्याने दिलेली संधी हातची घालवणे होय.

कायद्याला मान्य असलेले बचाव

कृत्य घडले, तरी काही प्रसंगी कायदा त्याला अपराध म्हणत नाही. लाकूड फोडताना कुऱ्हाडीचे पाते निसटून जवळच्या माणसाला लागले आणि कामात योग्य ती काळजी घेतलेली होती, तर तो अपघात ठरतो. सात वर्षांखालील बालकाचे कृत्य अपराध होत नाही. मनोविकारामुळे आपण काय करतो किंवा ते चूक आहे, हे ज्याला कळतच नव्हते, त्याला शिक्षा नाही. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या देहाचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. परंतु तो हक्क रक्षणापुरताच आहे. चोर पळून गेल्यावर त्याला गाठून केलेली मारहाण हे रक्षण नव्हे, तो सूड होय.

तीव्र आणि आकस्मिक प्रक्षोभाने खुनाची तीव्रता कमी होते. पण तेथेही वेळेचे भान ठेवावे लागते. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या लोकमताची सहानुभूती आरोपी नौदल अधिकाऱ्याच्या बाजूने होती. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. परंतु पत्नीने दिलेली कबुली आणि गोळीबार यांत सुमारे तीन तास गेले होते. तेवढ्या अवधीत मन स्थिर होऊ शकत होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये खुनाची शिक्षा कायम केली. लोकमत एखाद्याला घाईने दोषी ठरवते, तसे घाईने निर्दोषही ठरवते. दोन्ही वेळा ते पुरावा पाहत नाही.

आरोपीचे हक्क कोणासाठी?

‘गुन्हेगाराला कसले हक्क?’ असा प्रश्न नेहमी केला जातो. परंतु हे हक्क गुन्हेगाराचे नाहीत, आरोपीचे आहेत; आणि आरोपी कोणीही होऊ शकतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० ते २२ मध्ये त्यांचा पाया आहे. अटकेचे कारण कळले पाहिजे. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले पाहिजे. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. वकील करण्याची ऐपत नसेल तर राज्याने तो द्यावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली महाराष्ट्रातूनच आलेल्या होस्कोट खटल्यात ठामपणे मांडले. अटकेची वार्ता नातेवाइकाला देणे, अटकेचा पंचनामा करणे, वैद्यकीय तपासणी करणे हे नियम १९९६ च्या डी. के. बसू निकालाने घालून दिले.

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक ही आपोआप होणारी गोष्ट नव्हे, असे न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढील वा दुर्बल व्यक्तीला अटक करायची, तर किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. घराघरांतील ज्येष्ठांनी ही गोष्ट अवश्य जाणून घ्यावी.

या साऱ्या हक्कांच्या मुळाशी एक तत्त्व आहे. गुन्हा सिद्ध करण्याचा भार अभियोग पक्षावर असतो, आणि तो वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. विशिष्ट अपवादाचा आधार घेणाऱ्या आरोपीला मात्र आपले म्हणणे अधिक संभाव्य आहे एवढेच दाखवावे लागते. १९३५ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने या तत्त्वाला न्यायव्यवस्थेच्या जाळ्यातील सोनेरी धाग्याची उपमा दिली.

हा धागा तुटला तर काय होते, याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. जालना जिल्ह्यात २००३ साली घडलेल्या एका भीषण गुन्ह्यात सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच न्यायालयाने पुनर्विचार करून सहाही जणांना निर्दोष मुक्त केले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्याला दिला. ती माणसे भटक्या, गरीब समाजातील होती. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. पीडित कुटुंबालाही त्यातून न्याय मिळाला नाही, कारण खरे गुन्हेगार मोकळेच राहिले. निर्दोषाला झालेली शिक्षा दुहेरी अन्याय करते, तो असा.

समाजाचे कर्तव्य

न्यायालय चुकले, तर ते पुनर्विचार करू शकते. समाजाने दिलेल्या निकालावर अपील नसते. म्हणूनच महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. परंतु दृष्टिआड होणारा बोलण्यातला, नजरेतला बहिष्कार कोणताही कायदा थांबवू शकत नाही. तो विवेकानेच थांबतो.

याचा अर्थ गुन्ह्यावर पांघरूण घालावे असा मुळीच नाही. ज्याच्यावर अन्याय झाला आहे, त्याच्या पाठीशी उभे राहावे. तक्रार द्यायला त्याच्याबरोबर जावे. ठाऊक असलेले सत्य साक्षीत निर्भयपणे सांगावे. आपल्या समाजातला म्हणून कोणाला वाचवू नये आणि परका म्हणून कोणाला बुडवू नये. त्याच वेळी आरोपीला वकील मिळाला की नाही, हे पाहणे आणि त्याच्या घरी चूल पेटते की नाही याची विचारपूस करणे, हाही न्यायाचाच भाग आहे. त्याच्या पत्नीने आणि मुलांनी तर कोणताच अपराध केलेला नसतो.

पोलीस तपास करतील, वकील युक्तिवाद करतील, न्यायाधीश निकाल देतील. समाजाच्या वाट्याला यातले सर्वांत साधे आणि सर्वांत अवघड काम येते. ते म्हणजे निकाल लागेपर्यंत ‘गुन्हेगार’ हा शब्द ओठांवर न आणणे.