‘जरा बरं करा’ म्हणजे काय करा?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, डिझाइनकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींसमोर केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत, म्हणून मोजकेच शब्द सांगतो. डीटीपीवाल्याशेजारी बसून ‘हे जरा बरं करा हो’ म्हणणारे पुष्कळ असतात. नेमकं काय करायचं ते सांगायला शब्द लागतात.

टाइपफेस म्हणजे अक्षरांचं घराणं, फॉन्ट म्हणजे त्यातली एक व्यक्ती. ‘मुक्त’ हा टाइपफेस. हलक्यापासून ठळकापर्यंत त्याची ७ वजनं आहेत, त्यातलं बोल्ड हा एक फॉन्ट. बोलताना आम्हीही दोन्हींना फॉन्टच म्हणतो.

पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग. पण १२ पॉइंटचं अक्षर १२ पॉइंट उंच नसतं. छापखान्यात हे माप खिळ्याच्या अंगाचं असे, त्यावरच्या अक्षराचं नव्हे. म्हणूनच एकाच मापाचं मराठी इंग्रजीशेजारी बरेचदा बारीक दिसतं. तिथे आकडा विसरा, डोळ्यांनी जुळवा.

लीडिंग म्हणजे ओळींमधलं अंतर. जुळारी ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत, त्यावरून हे नाव आलं. आता ‘मूर्तींचे’ हा शब्द बघा. खाली दीर्घ उकार, वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार! इंग्रजीला पुरणारं अंतर इथे ठेवलं, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

कर्निंग हे दोन विशिष्ट अक्षरांमधलं अंतर, ट्रॅकिंग सगळ्या शब्दाचं. इंग्रजी कॅपिटल अक्षरं ऐसपैस मांडली की भारदस्त दिसतात. तेच ‘सुवर्णमहोत्सव’ला केलं की शिरोरेखा तुटते आणि बॅनर दात पडल्यासारखा दिसतो.

ग्लिफ म्हणजे वर्णाचा प्रत्यक्ष आकार. ‘ल’ हा वर्ण एकच, पण पाकळीचा मराठी ‘ल’ आणि दंड असलेला हिंदी वळणाचा ‘ल’ हे दोन ग्लिफ. ‘श’चंही तसंच. २००९च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात. सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘मराठी’ निवडली की आपला येतो. हिंदी आकार चुकीचा नाही, पण शाळेच्या पाटीवर मला तो परका वाटतो.

आणि ग्लिफ चुकला की कधी अर्थही जातो. साध्या ‘र’ला ‘य’ जोडला की रफार येतो: आचार्य. ‘आचाऱ्यांचे’ लिहायचं तर नुक्त्याचा ‘ऱ’ टाइप करावा लागतो, आणि फॉन्टमध्येही तो जोड असावा लागतो. म्हणून नवा फॉन्ट घेतला की आधी ‘आचाऱ्यांचे आभार’ लिहून बघा. आज मागे स्वयंपाकघरात जी मंडळी राबताहेत, त्यांचे आभार स्मरणिकेत छापायचेत; ते आमच्या गुरुजनांच्या नावावर जायला नकोत!